तक्त्यावरच्या सव्वीस कड्या

१

"पंत, माझी वही गेली," एकनाथ म्हणाला.

सोमवारची सकाळ, साडेसातचा सुमार. मी नेहमीप्रमाणे साहेबाला मराठी शिकवायला मिशनच्या कचेरीत आलो, तर साहेब खुर्चीत ताठ बसलेला, एकनाथ उघड्या कपाटासमोर उभा आणि कपाटाचा मधला खण रिकामा. कुलूप शाबूत होतं. किल्ली दाराआडच्या खिळ्याला, नेहमीच्या जागी.

माझं नाव वेणीमाधव. आमच्या घराण्याकडे देवळाची पूजा पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. धाकट्या पातीला त्यातलं काही मिळत नाही, म्हणून मी तेरा वर्षं ह्या साहेबाची मराठी घासतो आणि मिशनच्या शाळेत पोरांना बालबोध गिरवायला लावतो. सोलापुरात लोक मला बाटग्यांचा पंत म्हणतात. म्हणोत बापडे. घरी गेल्यावर अंगणात अंघोळ केल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही, हेही आताच सांगून टाकतो.

आता त्या वहीत असं काय होतं ते ऐका. चर्चच्या भिंतीवर साहेबाने स्वतः रंगवलेला पाच हात लांब तक्ता आहे. त्यावर सव्वीस कड्यांची साखळी. पहिल्या कडीत येशूचे प्रेषित, शेवटच्या कडीत आमचं सोलापूर. मधल्या कड्यांत पॉलिशियन, बोगोमिल, कॅथर, वाल्डेन्सी अशी पाखंडी ठरवून छळलेल्या जुन्या पंथांची यादी. साहेबाचं म्हणणं असं, की रोमचं चर्च म्हणजे राजांनी पोसलेला खोटा डोलारा. खरी मंडळी हजार-बाराशे वर्षं डोंगरदऱ्यांत लपून राहिली. तिने एकाला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा दिला, त्याने दुसऱ्याला, आणि तो हात प्रेषित पेत्रापासून आजवर न तुटता आला. एक कडी उघडली की खालच्या सगळ्या खोट्या.

मला या तक्त्याचं कधी नवल वाटलं नाही. पूजेच्या पाळीच्या दाव्यात आमच्या आजोबांनी अशीच एक वंशावळ कोर्टात लावली होती. जिचं लग्नच झालं नव्हतं अशा बाईला तीत दोन मुलगे दाखवले होते. दावा आम्ही जिंकलो.

एकनाथ हा इथल्या म्हाताऱ्या उपदेशकाचा, भिमाआण्णाचा मुलगा. वय बत्तीस. माझ्याच हाताखाली अक्षर काढायला शिकला. येत्या रविवारी त्याला पाळकपदाची दीक्षा मिळायची होती. साहेबाने त्याला त्या तक्त्याचं मराठी करायला सांगितलं आणि तिथेच चूक केली, कारण हा पोरगा कुठलीही गोष्ट न वाचता लिहीत नाही. त्याने पुण्याच्या एका प्रोफेसराकडून दोन जाडजूड ग्रंथ मागवले. ज्या लोकांना जाळलं, त्यांचे जाबजबाब जाळणाऱ्यांनीच लिहून ठेवलेले. आठ महिने वाचले, वही भरली आणि साहेबाला सांगितलं, "ह्या कड्या एकमेकींत अडकतच नाहीत."

साहेब तसा सरळ माणूस. म्हणाला, "सोमवारी वही दाखवा. पुरावा खरा असेल तर तक्ता मी माझ्या हाताने उतरवीन. नसेल तर शब्द मागे घ्या. दोन्ही करणार नसाल तर ही वेदी आपल्यासाठी नाही." तोवर वही कचेरीच्या कपाटात ठेवायची ठरली. रविवारी प्रार्थनेनंतर ती लाल बासनात बांधून तिथे ठेवली होती.

"ग्रंथ आहेत ना?" मी विचारलं.

"परत धाडले. प्रोफेसर ते घेऊन विलायतेला गेले."

बोलता बोलता दार धाडकन आपटलं. साहेब उठला, दाराला खुर्ची लावली आणि माझ्याकडे वळला.

"पंत, आपण आमच्यातील नाही, म्हणून आपण निःपक्षपाती आहात. शनिवारपर्यंत शोध घ्यावा. वही मिळाली नाही, तर ती कधी नव्हतीच असे मी धरीन."

२

पहिला संशय अर्थातच साहेबावर. त्याच्या मोरीतला बंब रोज सकाळी पेटतो; एक वही त्यात गेली तर पाणी जरा लवकर तापेल इतकंच. मी त्याला तोंडावर विचारलं.

तो रागावला नाही. खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. तिथे निंबाखाली दोन कबरी आहेत, बायकोची आणि चार वर्षांच्या मुलीची. दोघी एकाच पटकीत गेल्या.

"मी त्यांना ज्या सत्यासाठी येथे आणिले, ते एका वहीने मोडेल असे आपणांस वाटते काय? मला ती वही वाचावयाची आहे. ती चुकीची आहे हे मला सिद्ध करावयाचे आहे."

खोटं बोलणाऱ्याची मराठी अशी बिनचूक येत नाही. निदान माझ्या शिष्याची तरी येत नाही.

मग जोतीराम. मिशनच्या शाळेचा मास्तर, कंपाउंडातच जन्मलेला, केसांना तेल, बोलण्यात साखर. एकनाथ नाही तर दीक्षा ह्यालाच, हे शेंबडं पोरही सांगेल.

"मी कशाला चोरू?" तो म्हणाला. "वही साहेबांनी वाचली असती तर एकनाथ आपोआप बाहेर गेला असता. पाखंडाची वही ती. मला तर ती साहेबांच्या हातात पडायला हवी होती."

माणूस मला आवडत नाही, पण हिशेब त्याचा चोख होता.

"पंत, घरातच बघा," तो जाता जाता म्हणाला. "रविवारी दुपारी कचेरीच्या ओट्यावर मी प्रेमलाबाईंना पाहिलं. हातात किल्ली होती."

३

प्रेमला ही एकनाथची बायको. सुपात ज्वारी पाखडत होती. मला पाहून पदर सारखा केला, सूप मात्र खाली ठेवलं नाही.

"व्हय, गेले होते," ती म्हणाली. "किल्ली घेतली, कपाट उघडलं. चुलीत घालायचीच म्हणून गेले होते. आठ महिने हा माणूस माझ्याशी धड बोलला नाही. मेलेल्या परक्या लोकांशी बोलतो. परवा जेवताना सांगतो, ते कॅथर लोक पाण्याचा बाप्तिस्मा मानतच नव्हते, नुसता हात ठेवायचे. बोगोमिलांनाही पाण्याचं वावडं. वाल्डेन्सी तर तान्ह्या पोरांना रोमच्या पाद्र्याकडनं बाप्तिस्मा द्यायचे. मी म्हटलं, देईनात का. तुमची दीक्षा चाललीय त्याचं काय?"

"मग जाळली का नाहीस?"

"अक्षर बघितलं." तिचं सूप थांबलं. "पानापानावर वर येशूचं नाव, आपण श्री लिहितो तसं, आणि खाली मोत्यासारखं अक्षर. हात झाला नाही. परत बासनात बांधून ठेवली आणि आले. चारच्या सुमाराला."

म्हणजे वही चारनंतर गेली. मी उठलो तशी ती हळूच म्हणाली, "मामंजींना जरा समजवा. कालपासून अन्नाला शिवले नाहीत. पोराची दीक्षा बुडते म्हणून जीव तुटतोय त्यांचा."

मामंजी, म्हणजे भिमाआण्णा, चर्चमागच्या विहिरीवर पाणी शेंदत होता. रविवारी दीक्षेबरोबर आठ जणांचा बाप्तिस्मा होता, आणि मंचाच्या फळ्यांखालचा दगडी हौद भरायचं काम तेरा वर्षं त्याचंच. आठवडाभर आधीपासून घागरी घागरीने भरतो. आण्णा सत्तरीचा, मी पन्नाशीचा, तरी मी त्याला अरेतुरे करतो. सोलापुरात हे कुणाला खटकत नाही.

"लई पानी लागतं बगा ह्या सायबाला," तो म्हणाला. "ह्याच्या आदल्या थोरल्या सायबाच्या टायमाला असं नव्हतं. एकोनीसशेच्या दुष्काळात ही हीर कोरडी ठाक. आमी चाळीस मानसं, आन सायबाच्या हातात तांब्याभर पानी. तेवड्यात समद्यांचं भागीवलं."

ही गोष्ट मी त्याच्या तोंडून वीस वेळा ऐकली असेल. हूं म्हणालो आणि विचारलं, "एकनाथाची वही कुणी नेली असेल?"

त्याने घागर काठावर ठेवली.

"गेली ते बरं झालं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून पुन्हा शेंदायला लागला.

४

बुधवार गेला, गुरुवार गेला. एकनाथ रोज संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसायचा. आठवणीतून वही पुन्हा लिहायला घेतली होती, पण साहेबाला पानांचे आकडे हवेत, जबाबांच्या तारखा हव्यात. त्या आठवणीतून कुठून आणणार?

"पंत, मी ह्या लोकांची निंदा केलेली नाही," तो म्हणाला. "ते शूर होते. आपल्या भाषेत शास्त्र वाचलं म्हणून जळून मेले. पण ते आपले पूर्वज नाहीत. एक दोन मतं जुळली की नातं लागतं का? एका टोळीचा गुरू जाळला, त्याने पुढे कुणाच्या डोक्यावर हात ठेवला, कुणालाच माहीत नाही. मधली जागा साहेबांनी रंगाने भरली आहे. आणि जे कळतं तेही त्यांच्या शत्रूंच्या दप्तरातून. एवढंच मी शाईने लिहिलं होतं."

"शाईने?"

"तुम्हीच शिकवलंत. चारचौघांत दाखवायचं ते शाईने, स्वतःपुरतं ते शिसपेन्सिलीने. शेवटचं एक पान पेन्सिलीचं होतं. ते मी फाडूनच देणार होतो."

शुक्रवारी मी कचेरीत साहेबाला कर्मणी प्रयोग शिकवत होतो. वारा सुटला, खुर्ची सरकली, दार पुन्हा धाडकन आपटलं. साहेब वैतागला.

"तेरा वर्षांत हे दार कधी आपटले नाही. त्यास एक धोंडा असे. तो कोठे गेला?"

मी खडू खाली ठेवला. त्या दाराला नारळाएवढा काळा धोंडा लावलेला असायचा. सोमवारपासून दार आपटतंय, आणि सोमवारपासून मी ते ऐकतोय. मला स्वतःची लाज वाटली.

ज्याला वही जाळायची, त्याला धोंडा कशाला लागेल? लपवायची असली तरी नको. बासनात वहीबरोबर धोंडा बांधतो तो एकाच कामासाठी, ती तळाला जावी म्हणून. आणि बुडवतो कोण? साहेबाकडे बंब. प्रेमलेकडे चूल. जोतीरामाला वही हवीच होती. कागद नाहीसा करायला सोपी आग सोडून पाण्याकडे तोच जाईल, ज्याला ते लिहिणं जाळणं पाप वाटतं.

आमच्यात जीर्ण पोथी जाळत नाहीत, पाण्यात सोडतात. मिशनमध्ये जन्मलेल्याला हे ठाऊक नसतं. दोन वर्षांमागे एका माणसाचं बायबल वाळवीने खाल्लं होतं. त्याने मला विचारलं, पंत, तुमी पोथीचं काय करता? मी सांगितलं. त्याने ते विहिरीत सोडलं आणि ह्याच साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. पानापानावर येशूचं नाव असलेली वही तो आगीत कशी घालील?

आणि ज्या विहिरीचं पाणी रोज शेंदायचं, तिच्यात, एकदा शिव्या खाल्ल्यावर, तो ती टाकणार नाही.

५

"आण्णा, हौदाच्या फळ्या काढ," मी म्हणालो.

दुपारची वेळ, चर्चमध्ये आम्ही दोघंच. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने फळ्या बाजूला केल्या. धोतर खोचून छातीभर पाण्यात उतरला, खाली वाकला आणि लाल बासन वर काढलं. गाठ मी सोडली. आत धोंडा आणि भिजून फुगलेली वही. आठ महिन्यांची शाई निळं पाणी होऊन त्याच्या हातावरून ओघळली.

"जोतीरामानं नाय, सायबानं नाय, मीच," तो हौदातूनच म्हणाला. "लावा नाव पोलिसांत."

"का केलंस? पोराची दीक्षा तूच बुडवलीस."

"मला वाटलं वही गेली की भांडान मिटंल. पोरगं शबूद मागं घील, आन पाळक हुईल." त्याने तक्त्याकडे पाहिलं. "आन खरं सांगू का पंत? ते येवडंच न्हाय. तुमच्या घरात वंशावळ हाय. माज्या आज्याच्या बापाचं नाव बी मला ठावं न्हाय. गावच्या दप्तरात आमचं काय व्हतं? मेलेली ढोरं कुनी वडायची, येवडं. थोरल्या सायबानं डोक्यावर हात ठिवला आन म्हनला, भिमा, ह्यो हात पेत्रापासनं चालत आलाय. तवापासनं मी कुनाचा तरी झालो. आन माजाच ल्योक म्हनतोय, त्यो हात आलाच न्हाय."

मला आजोबांच्या वंशावळीतली ती बिनलग्नाची बाई आठवली.

वहीची पानं मी एकेक सुटी केली. सगळी कोरी, निळसर. शेवटचं मात्र कोरं नव्हतं. शिसपेन्सिल पाण्याला दाद देत नाही.

"वाचा की," आण्णा म्हणाला.

मी वाचलं. "ह्या लोकांना पूर्वज म्हणायचा आपल्याला हक्क नाही, आणि गरजही नाही. माझ्या बापाला दुष्काळात तांब्यातलं चूळभर पाणी मिळालं. साहेबांच्या नियमाने बुडवलं नाही तो बाप्तिस्माच नव्हे, म्हणजे साखळी माझ्या बापापाशीच तुटली. पण त्याला मी जन्मापासून पाहतो आहे. त्याचा बाप्तिस्मा खरा नसेल, तर जगात कुणाचाच खरा नाही. त्याला साखळी लागत नाही. हे पान साहेबांना दाखवायचं नाही."

तांब्याची ती गोष्ट मी वीस वेळा ऐकली होती आणि वीस वेळा हूं म्हणालो होतो.

आण्णाने ओल्या हाताने तोंड पुसलं.

"पुन्यांदा वाचा," तो म्हणाला.

६

शनिवारी आम्ही साहेबाकडे गेलो. वाटेत मी आण्णाला बजावलं. हे पान दाखवलंस तर तुझाच बाप्तिस्मा जाईल. तू खेड्यापाड्यांत स्वतःच्या हाताने बुडवलेल्या सहाशे माणसांचाही जाईल. तो ऐकेना.

"पोराला खोटं मी पाडलं. आता खरं बी मीच ठरीवतो."

साहेबाने पान वाचलं. दोनदा वाचलं.

"भिमा, पाणी किती होते?"

"तांब्याभर. चाळीस मानसं, सायेब. आता मी येकलाच उरलोय."

"आणि जोतीरामाला बाप्तिस्मा कोणी दिला?"

"मीच की."

साहेब बराच वेळ खिडकीबाहेर निंबाखाली पाहत राहिला. एकनाथाने कॅथर आणि वाल्डेन्सी यांच्यावर आठ महिने घालवले, आणि कडी तुटली होती ती इथे, विहिरीच्या तळाशी, त्याच्याच मिशनच्या हाताने. मिशनचं अठ्ठावीस वर्षांचं काम, सहाशे माणसं, उद्याची दीक्षा, सगळं त्या एका पानावर. तक्ता माझ्या हाताने उतरवीन म्हणणारा माणूस आहे, उतरवील, असं मला खरंच वाटलं.

तो उठला आणि आत मोरीकडे गेला. बंबाचं झाकण उघडल्याचा आवाज मी ऐकला, मग बंद झाल्याचा. परत आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते. सोमवारी ज्या गोष्टीतून मी त्याला मोकळं केलं होतं, ती त्याने शनिवारी केली.

"वही मिळाली नाही, पंत," तो म्हणाला. "आपण असेच सांगावे." मराठीत एकही चूक नाही. तेरा वर्षं मीच शिकवलं होतं. मग आण्णाकडे वळला. "भिमा, उद्या त्या आठ जणांबरोबर तूही हौदात उतरशील. कारण कोणास सांगावयाचे नाही."

"येकदा झालंय, सायेब," आण्णा म्हणाला. जोडे बाहेर होते, ते पायात घातले आणि चालू लागला.

आणि मी? मी मान हलवली. होकारार्थी.

७

रविवारी जोतीरामाला दीक्षा मिळाली. तक्ता भिंतीवर आहे. साहेबाने रंग नवा दिला.

आण्णाने मुलाला सगळं सांगितलं. एकनाथ एवढंच म्हणाला, "आठ महिने, बाबा." पुढच्या आठवड्यात तो प्रेमलेला घेऊन बार्शीला गेला, तिथल्या शाळेत मास्तर झाला. बापाला चला म्हणाला होता. आण्णा गेला नाही.

तो आता चर्चमध्ये जात नाही. दर सोमवारी मात्र तिसऱ्या प्रहरी आमच्या घरी येतो आणि म्हणतो, "म्हना की, पंत." पान जळालं तरी मला ते पाठ आहे, पाठांतर आमच्या घराण्यात चालत आलेलं आहे, त्याला कुठली बनावट वंशावळ लागली नाही. मी म्हणतो. "त्याचा बाप्तिस्मा खरा नसेल, तर जगात कुणाचाच खरा नाही." तो डोळे मिटून ऐकतो. पोराचा एवढाच शब्द त्याच्याजवळ उरलाय, आणि तोही माझ्या तोंडात.

मी ओटीवर बसतो, तो खालच्या पायरीवर. वर ये असं मी त्याला कधी म्हटलेलं नाही. तो गेला की आमच्या सौभाग्यवती अनसूयाबाई आतून येतात आणि तो बसला होता त्या पायरीवर पाणी ओततात. तांब्याभर. मी त्यांना अजून एकदाही नको म्हणालो नाही.